अर्धा खाडा

माझ्या पर्सच्या मधल्या कप्प्यात पाचशे रुपयांची एक नोट चार घड्या घालून पडलेली आहे. भाजी घेताना, रिक्षाचे पैसे देताना, औषधांच्या दुकानात सुटे शोधताना बोटे तिला लागतात आणि आपोआप बाजूला होतात. भाद्रपदात, महालक्ष्म्या उठून आठ-दहा दिवस झाल्यावर, मी आणि माझी आई कन्नडजवळच्या गौताळ्याच्या अभयारण्यात एक दिवस फिरून आलो. आमच्याबरोबर त्या दिवसापुरता ठरवलेला एक वाटाड्या होता. परत निघताना हिवरखेड्याच्या नाक्याशी त्याने शर्टाच्या खिशातून ही नोट काढून माझ्यासमोर धरली आणि तो म्हणाला, "अर्ध्या दिवसाचे, ताई." मी थकले होते, मनातून नाराजही होते.

मी ती नोट घेतली.

मी मूळची लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातली. आमच्या जिल्ह्यात वनाखालची जमीन एक टक्काही नाही, आणि त्यासाठी कोणता अहवाल वाचावा लागत नाही. एसटीच्या खिडकीतून ते दिसतेच: सोयाबीन, तूर, ऊस, पुन्हा सोयाबीन, आणि मध्येच बांधावर एखादी बाभूळ किंवा लिंब. आमच्या बोलीत रान म्हणजे शेत. कुणी रानात गेले आहे म्हणजे ते कामाला गेले आहे, रान चांगले आहे म्हणजे माती काळी आहे. त्यामुळे सत्तरी गाठलेली माझी आई उन्हाळ्यात एकदा म्हणाली, "जिथं कुणी पेरीत न्हाई असलं रान एकदा बघायचंय मला," तेव्हा त्या वाक्याचे मला आधी नवल वाटले आणि मग वाईट वाटले. तिने आयुष्यभर जी जमीन पाहिली तिच्यावर दर हंगामात काही ना काही काम वाट पाहत असे. खुरपायचे, वेचायचे, काढायचे, राखण करायची. नुसते बघत बसावे अशी जमीन तिच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. नोकरीमुळे मी गेली बावीस वर्षे छत्रपती संभाजीनगरला राहते, कन्नड इथून दीड-दोन तासांवर आहे, आणि तरीही मी पाहुण्यांना घेऊन वेरूळपर्यंत जाऊन तिथूनच परत फिरत आले होते.

कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने वाटाड्याचा नंबर दिला. तो अभयारण्याला लागून असलेल्या एका गावातला, तिशीतला तरुण. फोनवर त्याने सगळे दोन वाक्यांत सांगितले: एक हजार रुपये पडतील, सकाळी सातला नाक्यावर भेटतो, सांजेपर्यंत दिवस तुमचा, त्या दिवशी दुसरे गिऱ्हाईक घेत नाही. "दिवस तुमचा" हे त्याचे शब्द मला फार आवडले. गर्दीबरोबर, शिट्ट्या ऐकत, घड्याळाकडे बघत फिरावे लागणार नव्हते. आईच्या गुडघ्यांच्या गतीने, तिला वाटेल तिथे बसत, एक अख्खा दिवस आम्हा दोघींचा असणार होता. पैसे मी त्याच रात्री फोनवरून पाठवून दिले. ठरले ते आधी देऊन टाकावे, मग मन मोकळे राहते, असे मला वाटत आले आहे. आता त्यावरही विचार करावा लागतो.

सकाळी वेरूळ मागे पडले तेव्हा डोंगरावर ढग टेकलेले होते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका माणसाच्या डोक्यावर गेलेला होता. नाक्यावर वहीत नावे लिहून झाली. त्याने आधी आईकडे पाहिले, तिच्या पायांतल्या चपलांकडे पाहिले, आणि "माय, किल्ल्यांचा जुडगा पिशवीत टाका, लई वाजतो," असे हळूच सांगितले. आईने कमरेचा जुडगा काढला. लग्नापासून तिच्या कमरेला असलेला तो आवाज थांबला तेव्हा ती काही वेळ उगाच कमरेशी हात नेत राहिली. मग तिला ओल्या गवताचा वास आला असावा, कारण ती थांबली, आणि शेतात पाऊस मोजताना घेते तसा तिने लांब श्वास घेतला.

पहिले तास-दोन तास आम्ही फारसे चाललोच नाही. वाटाड्या चार पावले टाकी आणि थांबे. तेरड्याने गुलाबी झालेला उतार, कुर्ड्याचे पांढरे तुरे, झुडपातून वर आलेली कळलावीची ज्वाळेसारखी फुले, असे सगळे तो न बोलता काठीच्या टोकाने दाखवी आणि आमचे बघून होईपर्यंत वाट पाही. एका झाडाची डहाळी खाली ओढून त्याने आईच्या हातात एक पान दिले. देठाशी जुळलेल्या दोन छोट्या पाकळ्या असाव्यात तसे ते पान होते. "आपटा," आई म्हणाली. "आपट्यावाणी दिसतं, पण ह्यो अंजन, माय," तो म्हणाला, आणि अंजनाचे लाकूड किती कठीण असते, कुऱ्हाड कशी उलटी येते, पाण्यात टाकले तर ते कसे तळाला जाते, आणि दुष्काळात हाच पाला जनावरांना कसा जगवतो, हे त्याने सांगितले. दुष्काळ म्हटल्यावर आईला 1972 आठवले. खडी फोडायला गेलेल्या बाया, सुकडीचा वास, दावणीला बसलेला आणि परत न उठलेला बैल. ती त्याला सांगत राहिली आणि तो ऐकत राहिला. मी मागून चालत होते आणि मला वाटत होते की हा माणूस पैसे घेऊन आईला जंगल दाखवतो आहे की आईकडून काही घेतो आहे, हे नीट सांगता येणार नाही.

डोंगराच्या धारेवर पोचल्यावर ढग वर उचलले गेले. तिथे त्याने काठी आडवी धरली आणि सांगितले की काठीच्या अलीकडे पडलेले पाणी आपल्याकडे जाते आणि पलीकडे पडलेले खानदेशात. मी भूगोल शिकलेली असून ही गोष्ट मला अशी पायाखाली कधी जाणवली नव्हती. अलीकडच्या ओहळांचे पाणी शेवटी गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्राला जाते. याच अजिंठ्याच्या डोंगरात उगवलेली पूर्णा येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे भरत पुढे जाते. पलीकडच्या उतारावरचे पाणी गिरणेतून तापीत आणि तापीतून पश्चिमेच्या समुद्रात जाते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले तेव्हा आई लातुरात माझ्या भावाकडे होती. टँकरच्या रांगेत घागर ठेवून तिने तासन्‌तास काढले होते. ती काठीकडे बघून म्हणाली, "म्हंजे ढगानं बोटभर अलीकडं सरकायचं, एवढंच की." वाटाड्या त्यावर हसला नाही. त्याने मान हलवली आणि काठी पुन्हा उभी धरली.

वाघाची गोष्टही त्याने तिथेच सांगितली. मार्च 2021 मध्ये इथे लावलेल्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ दिसला, आणि अंगावरचे पट्टे जुळवून पाहिल्यावर तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला. सरळ रेषेत मोजले तरी तीनशे किलोमीटरांहून जास्त अंतर होते. कापसाची, तुरीची शेते, महामार्ग, नद्या, गावकुसे ओलांडत तो रात्रीरात्रीने चालत आला असेल. एवढ्या मोठ्या मुलखात त्याला निवाऱ्याचे झाड सापडले ते या डोंगरात. आईने विचारले, "कुणी बोलावलं त्याला?" वाटाड्या म्हणाला, "जागा शोधीत आला, माय. आमच्याकडची माणसं ऊस तोडायला जातात तसा."

मग आम्ही गाडीने पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे वळलो. पायऱ्या उतरताना त्याने आईचा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. खाली दरीत पाण्याचा आवाज भरून राहिला होता. दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला तो कातळ ठिसूळ झाला आहे. चैत्यगृहाचे दर्शनी तोंड कोसळले आहे, आतले कितीतरी खांब झिजून गेले आहेत, पण काही खांबांवर रंग अजून धरून आहे. विहाराच्या जोत्यावर ओळीने उभे असलेले हत्ती पाहून आई त्यांच्या सोंडांवरून हात फिरवायला निघाली होती, त्याने तिला थांबवले. "हात लावू नका, माय, भुगा होतो." भिंतीवरचा पाच फण्यांचा नाग दाखवून तो म्हणाला की वरच्या बाजूने आलेले पाणी या फण्यांतून खाली पडावे अशी भोके आत कोरून ठेवलेली आहेत. मी वाकून पाहिले. डोंगराचे पाणी अडवायचे नाही, त्याला वाट द्यायची आणि ती वाटही सुंदर करायची, हे ज्याला सुचले त्याच्याबद्दल मला माया वाटली.

मला आधीपासून थोडे वाचून माहीत होते की इथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. पैठणच्या गंधी कुळातला मितदेव आहे, मगिल नावाचा राजवैद्य आहे, त्याची मुलगीही आहे. मी ते आईला मोठ्या उत्साहाने सांगत होते. माझे संपल्यावर वाटाड्या म्हणाला, "आणि करणाऱ्याचंबी नाव आहे, ताई." इथल्या अंगणात सापडलेली, डोक्यावर पात्र घेतलेल्या हसऱ्या यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर लिहिलेले आहे की ही कण्हदास नावाच्या सोनाराने केली. "ती मूर्ती मी नाही पाह्यली अजून," तो म्हणाला. "फोटो पाह्यलाय. हातावर लिवलंय. लिवायला जागा कुठं शोधली बघा. ज्या हातानं काम केलं त्या हातावर." मूर्तीचा हात आणि कारागिराचा हात त्याच्या बोलण्यात एक झाले होते आणि ते दुरुस्त करावेसे मला वाटले नाही.

वर येऊन आम्ही एका झाडाखाली जेवायला बसलो. आईने आमच्याकडची ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा काढला. त्याच्या फडक्यात बाजरीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. भाकरींची अदलाबदल झाली. आईने त्याला बायकामुलांचे विचारले, आणि तो पहिल्यांदाच सलग बोलला. लग्नानंतर सहा वर्षे तो आणि त्याची बायको जोडीने ऊसतोडीला जात होते. दिवाळीच्या तोंडावर उचल घ्यायची, साखर कारखान्याच्या गाडीत संसार भरायचा आणि पाडव्याच्या आसपास परत यायचे. मुलगी पहिलीत गेल्यावर त्यांनी जाणे बंद केले. अंगावरची उचल फेडायला मात्र आणखी दीड वर्ष लागले. "तिकडं ताप आला तरी उठायचं," तो म्हणाला. "खाडा पडला तर पाचशे कापायचे. कोयत्याला खाडा म्हणजे पाचशे." कोयता म्हणजे तोडीला जाणारी नवराबायकोची जोडी. भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवत तो हे अगदी सहज सांगत होता. खाडा हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला आणि तो ऐकताना मला कसलेसे अवघडल्यासारखे झाले, पण तेव्हा मी त्याच्या मागे गेले नाही.

जेवणानंतर पुढे जायचे होते ते एका कड्यावर. तिथून सगळा खानदेश खाली पसरलेला दिसतो असे त्याने फोनवर सांगितले होते, आणि खरे सांगायचे तर माझ्या मनात तो दिवस त्या कड्यासाठीच होता. आईला तिथे उभे करून फोटो काढायचा हेही मी ठरवलेले होते. वाट सोपी होती, मध्ये एक नाला ओलांडायचा होता. घोट्याएवढे स्वच्छ पाणी दगडांवरून वाहत होते. अडीच वाजले असतील. नाल्याच्या काठावर तो थांबला. वारा पडला होता, माझ्या ते लक्षात आले नव्हते. सकाळपासून कानात असलेला पाखरांचा आवाजही केव्हातरी थांबला होता. डोक्यावर आभाळ निळे होते. पश्चिमेला, झाडांच्या शेंड्यांच्या वर, काळ्या दोरीएवढी एक रेघ दिसत होती.

"मागं फिरू, ताई," तो म्हणाला.

मी विचारले, का? तो म्हणाला, वरच्या अंगाला पाऊस धरलाय, इकडे थेंब नसला तरी नाला खाली येतो, आपण पलीकडे गेलो आणि पाणी आले तर रात्र होईल. मी आभाळाकडे बोट दाखवले. कडा किती लांब आहे ते विचारले. अर्धा तास जायला, अर्धा तास यायला. मग एवढे भिण्यासारखे काय आहे, असे मी म्हणाले. तो गप्प राहिला. त्याचे गप्प राहणे मला हटवादी वाटले. ऊन लागत होते, दोन दिवसांची रजा घेतली होती, गाडीचे भाडे वेगळे होते, आई पुन्हा एवढे चालू शकेल की नाही याची खात्री नव्हती. आणि मी म्हणाले, "अहो, पण पैसे पूर्ण दिवसाचे दिलेत ना."

आवाज चढवून मी ते म्हणाले नाही. आवाज चढवला असता तर कदाचित नंतर क्षमा मागणे सोपे गेले असते. बँकेत पासबुकातली चूक दाखवावी तशा शांत, बरोबर असल्याच्या आवाजात मी ते म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कानाला एखादा ओळखीचा आवाज आला की माणूस जसा क्षणभर थबकतो तसा तो थबकला. मग "हाव, दिलेत," एवढे म्हणून त्याने आईकडे वळून हात पुढे केला आणि आई त्याचा हात धरून माघारी चालू लागली. मला त्यांच्या मागून जावेच लागले.

परतीच्या वाटेवर तो सकाळसारखाच थांबत होता. वानरांची टोळी दाखवली, झाडावरची अस्वलाच्या नखांची जुनी खूण दाखवली, आईसाठी बसायला दगड पुसून दिला. त्याच्या कामात कुठे कमी झालेली मला दिसली नाही. फक्त तो मला काही विचारत नव्हता. चारच्या सुमारास आम्ही नाक्यावर पोचलो तेव्हा लख्ख ऊन होते. पाऊस आला नव्हता. ते ऊन मला माझ्या बाजूने साक्ष द्यायला आल्यासारखे वाटले, हे लिहिताना मला त्रास होतो, पण तसे वाटले हे खरे आहे. त्याने उन्हाकडे पाहिले, मग खिशात हात घातला.

परत येताना आम्ही वेरूळच्या पुढे आलो तेव्हा अंधारून आले होते. आई मागे वळून बघत होती. दूर डोंगराच्या बाजूला आभाळ आतून उजळत होते, पुन्हा विझत होते. आवाज इथवर येत नव्हता. त्या विजा आम्ही होतो त्या नाल्यावर होत्या की त्याच्या कितीतरी पलीकडे, हे गाडीतून कसे कळणार? चालकाने काचा वर केल्या. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "आज मामंजींचा आवाज ऐकला मी." मामंजी म्हणजे तिचे सासरे, माझे आजोबा. ते जाऊन तीस वर्षे झाली आहेत. मी काही बोलले नाही. कोणते वाक्य तिला ऐकू आले होते, हे मला विचारावे लागले नाही.

आजोबांकडे लाल कापडी बांधणीची एक वही होती. आमच्याकडे सालगड्याचे साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत असे. वर्षाचे इतके रुपये, इतकी पोती ज्वारी, एक घोंगडी, एक चपलेचा जोड. ठरलेले सगळे वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे आणि त्यानंतरच्या पानांवर खाडे. माझे अक्षर चांगले म्हणून चौथी-पाचवीत ते काम माझ्याकडे आले आणि मला त्याचा मोठा अभिमान होता. आमच्याकडे जे सालगडी होते त्यांना आम्ही मुले नाना म्हणत असू. त्यांनी मला खांद्यावर बसवून पोळ्याला बैल दाखवले होते, गुऱ्हाळातला गरम गूळ पळसाच्या पानावर आणून दिला होता. एका वर्षी याच दिवसांत, उत्तरा नक्षत्रात, दुपारी नाना औत सोडून बैल घेऊन घरी आले. आभाळ भरून आले होते आणि विजा व्हायला लागल्या होत्या. आमच्या भागात दर पावसाळ्यात वीज पडून माणसे जातात, बैल जातात, झाडाखाली उभी राहिलेली पोरे जातात. तेव्हाही जात, आताही जातात. नानांनी बैल गोठ्यात बांधले आणि ओसरीच्या खाली उकिडवे बसले. पाऊस आमच्या शिवारात पडलाच नाही. ढग शेजारच्या गावावरून निघून गेले आणि तासाभरात ऊन पडले. आजोबांनी उन्हाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "अर्धा लाव."

मी अर्धा खाडा लावला. एक उभी रेघ काढून ती मध्येच तोडायची, अशी त्याची खूण होती. नाना ओसरीखालूनच बघत होते. त्यांना वाचता येत नव्हते, पण रेघ कळत होती. आजोबा वाईट माणूस नव्हते. नानांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी आपणहून दोन पोती ज्वारी पाठवली होती आणि ती कुठेही लिहून ठेवायला लावली नव्हती. त्यांच्या हिशेबात देणे वेगळे होते आणि दिवस वेगळा होता. दिवस विकत घेतलेला होता, त्यामुळे त्यातले आभाळही त्यांचेच होते. मी हे सगळे विसरून गेले होते असे म्हणवत नाही. मी ते एका बाजूला ठेवून दिले होते, शिकले होते, नोकरीत कामगारांच्या रजेचे अर्ज सहानुभूतीने पुढे पाठवले होते, आणि माझ्या तोंडून ते वाक्य कधी निघणार नाही असे धरून चालले होते.

नंतरचे काही आठवडे मी स्वतःशी निरनिराळ्या बाजूंनी वाद घातला. मी माणूस विकत घेतला नव्हता, एक सेवा घेतली होती, आणि घेणाऱ्याला विचारण्याचा हक्क असतोच. मी पैसे परत मागितलेही नव्हते. त्याने ते स्वतःहून दिले, आणि कदाचित त्यात त्याचा ताठा असेल. हे सगळे खरे आहे. पण त्या सकाळी मी ज्याला "दिवस" म्हणत होते त्यात नेमके काय काय होते, याची मोजदाद करायला बसले की हिशेब जुळत नाही. अंजनाचे पान, आडवी धरलेली काठी, पायऱ्यांवर आईचा न सोडलेला हात, कण्हदासाचे नाव, आणि नाल्याच्या काठावर सगळ्यांच्या आधी त्याला ऐकू आलेली शांतता. ती शांतता ऐकता येणे हेच तर मी विकत घेतले होते. त्याच्या पोटी त्या डोंगरात घालवलेली उभी तीस वर्षे होती. ती जेव्हा खरोखर कामाला आली तेव्हा मी म्हणाले की काम कमी झाले.

अंगठ्याने एकदा दाबले की पाचशे रुपये त्याच्याकडे परत जातील, हे मला ठाऊक होते. दोन-तीनदा मी तितके केलेही, आकडा टाकला आणि मागे आले. त्याला फोनवर फक्त एक आवाज ऐकू येईल, रक्कम जमा झाली, असा. त्यातून त्याला पुन्हा माझेच वाक्य ऐकू आले असते.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी मी त्याला फोन केला. आई शेजारी बसून लसूण सोलत होती. त्याने लगेच ओळखले, आधी आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, मुलीची परीक्षा झाली म्हणाला, मक्याला भाव नाही म्हणाला. मग मी म्हणाले की त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होते, आणि ते पैसे माझ्याकडे तसेच आहेत, ते त्याचे आहेत. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागे कोंबड्यांचा आणि कुणाच्या तरी पाणी ओतण्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "अर्धाच दिवस झाला होता ना, ताई." मी म्हणाले, नाही, पूर्ण झाला होता. तो पुन्हा गप्प झाला.

मला विचारायचे नव्हते, पण मी विचारले. त्या दिवशी नंतर नाला आला का?

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन आलो बघायला," तो म्हणाला. "गवत आडवं झालेलं होतं दोन्ही काठाला. पाणी येऊन गेलं होतं. पण लई नव्हतं, गुडघ्याएवढं असंल." तो थांबला. पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "तुम्ही गेला असता, ताई. माय नसत्या गेल्या."